भिंतीवरचा मजकूर

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, ताम्रपट, शिलालेख आठवतात. चुन्याने वा गेरूने रंगविलेल्या भिंतीचा विचार सहसा कोणी करीत नाही, कारण पुढल्या दिवाळीच्या सारवणात हा पुरावा नाहीसा होतो. तथापि आपल्या जिल्ह्याचा स्वातंत्र्योत्तर राजकीय इतिहास लिहावयाचा झाल्यास ही पुसली गेलेली पाने वगळून चालणार नाही.

1867 साली स्थापन झालेला बालाघाट जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्या प्रांतात 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले; आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. त्या वर्षांत मुंबईच्या भिंती 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेने भरल्या होत्या. आपल्या मातृभाषेतील तो सर्वांत गाजलेला भित्तिलेख आपल्या गल्लीतला नव्हे. येथील सरकारी भिंत पुढे हिंदीतच बोलली.

ती सर्वाधिक बोलली कुटुंबनियोजनाविषयी. उलटा लाल त्रिकोण, दोन मुले, आई-बाप आणि 'हम दो, हमारे दो'! आरोग्य केंद्र असो वा खेड्यातल्या पाटलाची पडवी, हे चित्र चुकत नसे. प्रारंभी ते सल्ल्याचे चित्र होते. 26 जून 1975 नंतर वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला आणि 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हा त्याच त्रिकोणाकडे पाहून लोक घाबरू लागले. चित्र तेच होते, रंगही तोच होता. मार्च 1977 च्या निवडणुकीत मध्यप्रदेशातील 40 पैकी छिंदवाड्याची एकच जागा काँग्रेसला राखता आली. भिंतीवरच्या वाक्याला मतपेटीतून असे उत्तर क्वचितच मिळाले असेल.

शासनाने सामान्य माणसाच्या घराला आपला फळा मानावा, ही खोड मात्र गेली नाही. 2017 मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्यांच्या घरांवर 'मी गरीब आहे' अशा अर्थाचा मजकूर रंगविण्यात आला होता. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून लाज वाटते.

निवडणुकीच्या दिवसांत तर घरमालकाला विचारण्याची पद्धतच नव्हती. शेषन यांच्या काळात आयोगाने या प्रकाराला चाप लावला. मध्यप्रदेशात 1994 चा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम आला व मालकाच्या लेखी अनुमतीशिवाय भिंत रंगविणे दंडनीय झाले. कायदा चांगलाच होता. पण बैहर-लांजीच्या जंगलात अनुमती मागणार कोण?

तेथे लाल अक्षरांत निवडणूक बहिष्काराच्या घोषणा उमटत. 15 डिसेंबर 1999 रोजी राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची सोनपुरी या त्यांच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. त्यानंतर त्या अक्षरांना नुसती घोषणा म्हणून वाचणे कोणालाच शक्य राहिले नाही. दुसरीकडून पोलिसांची आत्मसमर्पणाची आवाहने लागत. छुईच्या मातीने भिंत सारवून तिच्यावर हौसेने नक्षी काढणाऱ्या बैगा वा गोंड गृहिणीची यात अडचण झाली. घोषणा पुसावी तर रात्रीच्या पाहुण्यांचा रोष, ठेवावी तर दिवसा चौकशी. क्रांतीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही भिंतीच्या धनिणीला विचारले नव्हते, हे आपल्याकडील भित्तिलेखनाचे कौतुक करताना विसरले जाते.

आता पेंटरची जागा फ्लेक्सने घेतली आहे. पूर्वी मजकुराच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, रंगविणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत असे. पक्ष कोणताही असो, चारही भिंतींवर तेच एक नाव.