राजाची संत्री आणि ओकची पेटी

सप्टेंबर १६६१ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री निकोला फुके याला अटक झाली. त्याच्या वो-ल-व्हिकोंत येथील प्रासादातून चौदाव्या लुईने गालिचे व पुतळे नेलेच, पण संत्र्याची झाडेही नेली. ती नेता आली, कारण ती जमिनीत नव्हतीच. ती पेट्यांत लावलेली होती.

लिंबूवर्गीय झाडांचे मूळ घर पूर्व हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात. बराच काळ टिकणारी कडाक्याची थंडी त्यांना सोसत नाही, आणि पॅरिसच्या परिसरात हिवाळ्यात पाणी गोठते. तेव्हा उन्हाळ्यात झाड अंगणात आणि हिवाळ्यात घरात, एवढाच मार्ग उरतो. त्यासाठी व्हर्सायला १६८४ ते १६८६ या काळात वास्तुविशारद ज्यूल आर्दुआँ-मान्सार याने दक्षिणाभिमुख 'ऑरेंजरी' बांधली. तिचे मुख्य दालन दीडशे मीटरांहून लांब आहे. जाड भिंती आणि दक्षिणेकडून येणारे ऊन, एवढ्यावरच आतली हवा गोठणबिंदूच्या वर राहते. आजही तेथील झाडे साधारणपणे मेच्या मध्यास बाहेर येतात आणि ऑक्टोबरच्या मध्यास आत जातात.

इमारतीचे कौतुक सर्वजण करतात. आम्हांला मात्र पेटी अधिक रंजक वाटते. वर्षातून दोनदा हलवायचे, आणि तेही दशकानुदशके जगणारे झाड कशात लावावे? इटलीत याचे उत्तर होते भाजलेल्या मातीची कुंडी. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील मेदिची घराण्याच्या बागेत लिंबूवर्गीय झाडे अशा मोठ्या कुंड्यांतच वाढली. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपते व बाष्प होऊन उडते, म्हणून मुळांभोवती गारवा राहतो. आपल्या माठाचे तत्त्व तेच. पण हीच सच्छिद्र कुंडी ओली असताना गोठली, तर पाणी बर्फ होताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि कुंडी तडकते. फ्लॉरेन्सजवळच्याच इंप्रुनेता गावच्या कुंड्या थंडीला टिकतात असा लौकिक आहे, आणि त्याचे श्रेय तेथील मातीला दिले जाते.

व्हर्सायने ओकचे लाकूड निवडले. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने मुळांना एकाएकी गार वा गरम होऊ देत नाही. पेटी चार पायांवर उभी असते, त्यामुळे तळाखाली हवा खेळते आणि पाण्याला वाट राहते. पुढे कोपऱ्यांना बिडाचे खांब आले. खरी युक्ती मात्र बाजूंची आहे. पेटीची फळी काढता येते. कुंडीत वाढणारी मुळे भिंतीला भिडली की गोल फिरू लागतात आणि काही वर्षांनी आत माती कमी व मुळेच फार अशी स्थिती होते. कुंडीतून एवढे झाड उपटायचे म्हणजे कुंडी तरी फुटणार किंवा मुळे तरी. पेटीची बाजू उघडली की कडेची मुळे छाटून नवी माती भरता येते. (प्रासादातील आरसेमहालात संत्र्यांसाठी चांदीची पात्रेही होती. १६८९ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी राजाने चांदीचे सामान वितळवले, त्यात तीही गेली. ओकच्या पेट्यांवर ती वेळ आली नाही.)

आता एका चुकीची कबुली. 'कुंडीच्या तळाशी खडे व खापऱ्या घाला, म्हणजे पाण्याचा निचरा होईल,' असे आम्हीही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. हे बरोबर नाही. मातीच्या बारीक रंध्रांतले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. खालच्या खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. वरच्या मातीचा तळ संपृक्त झाल्यावरच उतरते. म्हणजे खडे घातल्याने चिखलाचा थर नाहीसा होत नाही. तो मुळांच्या अधिक जवळ, वर सरकतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. भांडी घासायचा जाड, आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणे थांबू द्या. मग तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळेल. आखूड कडेवर उभा केला की आणखी गळेल. स्पंज तोच, रंध्रे तीच, वाढली ती फक्त उंची. तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या थराची जाडी रंध्रांच्या आकारावर ठरते, भांड्याच्या आकारावर नाही. म्हणून उथळ कुंडीत त्याच मातीचा मोठा हिस्सा चिखल राहतो, खोल कुंडीत थोडा. तळाला भोके हवीतच, पण एकाची दहा केली म्हणून हा थर पातळ होत नाही. त्यासाठी मातीच भरड हवी.

लिंबूवर्गीय झाडांना याची किंमत मोजावी लागते. पाणी भरलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि फायटॉफ्थोरा हा रोगकारक अशाच ओलीत फोफावतो. विदर्भातील संत्रा बागायतदार ज्याला डिंक्या म्हणतात, तो रोग याच्यामुळेच होतो.

शाळेच्या गच्चीवर कागदी लिंबू लावायचे असेल तर ओकची पेटी शोधायला नको. खोल मातीची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला जुना पिंप चालेल. तो दोन विटांवर ठेवावा. मातीत भरड वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि भोकावर खापरीचा एकच तुकडा ठेवावा, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला हात लावून पाहावा, म्हणजे ती का टाळावी हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.