आक्षेपार्ह फुटबॉल-वर्तन कायदा, स्कॉटलंड (२०१२–१८)

फुटबॉल सामन्यांच्या निमित्ताने होणारी द्वेषमूलक, धमकीची किंवा आक्षेपार्ह गाणी, घोषणा आणि तत्सम वर्तन यांना आळा घालण्यासाठी स्कॉटिश संसदेने केलेला कायदा. १४ डिसेंबर २०११ रोजी संमत. १ मार्च २०१२ पासून अंमलात. २० एप्रिल २०१८ रोजी रद्द. धमकीच्या संदेशांविषयीचा वेगळा भागही त्यातच असल्याने त्याचे पूर्ण नाव ‘फुटबॉलमधील आक्षेपार्ह वर्तन आणि धमकीचे संदेश (स्कॉटलंड) अधिनियम, २०१२’ असे होते. गाण्यामुळे कोणी चिथावले जाण्याची शक्यता आहे का, हेही या कायद्यात गुन्हा ठरवताना पाहिले जाई, आणि असा माणूस तिथे हजर असण्याचीही गरज नव्हती. कायद्याचे वेगळेपण यात होते आणि त्याच्यावरील वादाचे मूळही यातच होते.

पार्श्वभूमी : ग्लासगो शहरातील रेंजर्स (स्थापना १८७२) आणि सेल्टिक (१८८७) या दोन क्लबांच्या स्पर्धेला खेळाइतकाच धर्माचा आणि राजकारणाचा पदर आहे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः आयर्लंडमधील भीषण दुष्काळानंतर, हजारो कॅथलिक आयरिश कुटुंबे ग्लासगोत येऊन स्थायिक झाली. शहराच्या पूर्व भागातील त्यांच्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूंनी सेल्टिकची स्थापना केली. रेंजर्सची ओळख प्रॉटेस्टंट आणि ब्रिटिश राजनिष्ठ अशी घडत गेली. उघडपणे कॅथलिक असलेले खेळाडू न घेण्याची त्या क्लबची जुनी रीत १९८९ मध्ये मो जॉन्स्टन या खेळाडूला करारबद्ध केल्यावर मोडली.

हा इतिहास प्रेक्षकांच्या गाण्यांत उतरला. सेल्टिकच्या बाजूला ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १९१६ चा ईस्टर उठाव, आयरिश रिपब्लिकन आर्मी ही सशस्त्र संघटना आणि १९८१ मध्ये तुरुंगातील उपोषणात मेलेले दहा आयरिश रिपब्लिकन कैदी यांची स्मरणगीते गायिली जात. ‘रोल ऑफ ऑनर’ हे त्यांपैकी एक. रेंजर्सच्या बाजूला १६९० च्या बॉइन लढाईतील प्रॉटेस्टंट राजाच्या विजयाचा गौरव होई आणि ‘बिली बॉइज’ हे गाणे गायिले जाई. त्याचा संबंध १९२०–३० च्या दशकांत ब्रिजटन भागात बिली फुलर्टनने चालवलेल्या टोळीशी आहे. एका बाजूला जी राजकीय स्मृती वाटते, ती दुसऱ्या बाजूला मारेकऱ्यांची भलावण किंवा आपल्या समाजाला दिलेली धमकी वाटते. कायद्यापुढची मुख्य अडचण ही होती.

आधीचे कायदे : अशा वर्तनावर २०१२ पूर्वीही कारवाई होत होती. रूढ कायद्यातील शांतताभंगाचा गुन्हा जुनाच होता. २००३ च्या कायद्याने धार्मिक पूर्वग्रहातून केलेला गुन्हा अधिक गंभीर मानण्याची तरतूद केली. २००६ मध्ये हुल्लडबाज प्रेक्षकांना सामनाबंदी करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि २०१० मध्ये धमकीचे व अर्वाच्य वर्तन हा स्वतंत्र गुन्हा झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये किल्मार्नकच्या मैदानावर रेंजर्सच्या एका समर्थकाने ‘फॅमिन साँग’ गायिले. आयरिश वंशाच्या लोकांनी आता मायदेशी निघून जावे, असा त्याचा आशय. वंशावरून लोकांना हाकलून लावण्याची ही भाषा राजकीय मतात मोडत नाही, ती वंशद्वेषी आहे, असे उच्च फौजदारी न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले आणि शांतताभंगाबद्दलची दोषसिद्धी कायम केली. नवा कायदा मुळात हवाच कशाला, असे विचारणारे पुढे याच निकालाकडे बोट दाखवत.

तात्कालिक कारणे : २ मार्च २०११ रोजी सेल्टिक पार्कवर झालेल्या स्कॉटिश चषकाच्या फेरसामन्यात रेंजर्सच्या तिघांना लाल कार्ड मिळाले आणि मैदानात ३४ जणांना अटक झाली. सामना संपताच सेल्टिकचे व्यवस्थापक नील लेनन आणि रेंजर्सचे सहायक व्यवस्थापक अॅली मॅकोइस्ट कॅमेऱ्यांसमोर एकमेकांना भिडले. सरकारप्रमुख अॅलेक्स सॅमंड यांनी आठवड्याभरात क्लब आणि पोलीस यांची बैठक बोलावली. त्याच सुमारास लेनन, वकील पॉल मॅकब्राइड आणि आमदार ट्रिश गॉडमन यांच्या नावे बाँबसदृश पार्सले पाठवण्यात आल्याचे उघड झाले. मे महिन्यात एडिंबरोच्या टाइनकॅसल मैदानावर एक प्रेक्षक चालू सामन्यात लेनन यांच्या अंगावर धावून गेला.

मे २०११ च्या निवडणुकीत सॅमंड यांच्या स्कॉटिश नॅशनल पक्षाला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या होत्या. या बहुमताच्या बळावर सरकारने जूनमध्ये विधेयक तातडीने रेटायचे ठरवले. मात्र क्रूसाची खूण करणे किंवा ब्रिटिश राष्ट्रगीत म्हणणेदेखील विशिष्ट परिस्थितीत आक्षेपार्ह ठरू शकेल, असे मंत्री रोझॅना कनिंगहॅम यांनी संसदीय समितीपुढे सांगितले आणि गदारोळ उडाला. विधेयक सहा महिने लांबले. शेवटी ते ६४ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाले; विरोधी पक्षांपैकी एकानेही त्याला पाठिंबा दिला नाही.

तरतुदी : गुन्हा सिद्ध होण्यासाठी दोन गोष्टी लागत. पहिली वर्तनाविषयीची. धर्म, वंश, लैंगिक कल, अपंगत्व आदींवरून एखाद्या गटाविषयी द्वेष व्यक्त करणे किंवा भडकवणे, द्वेषापोटी वागणे आणि धमकावणे हे प्रकार कायद्यात नेमके सांगितले होते. त्यांच्या शेवटी एक मोघम कलम जोडलेले होते : समंजस माणसाला जे आक्षेपार्ह वाटण्याची शक्यता आहे असे इतर कोणतेही वर्तन. राजकीय गाणी मुख्यतः या शेवटच्या कलमाखाली आली. निषिद्ध गाण्यांची यादी कायद्यात नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या वर्तनाने सार्वजनिक अशांततेला चिथावणी मिळण्याची शक्यता. इथे एक पोटकलम निर्णायक ठरले. पोलीस बंदोबस्तामुळे गडबड झाली नाही, किंवा चिथावले जाणारे लोक तिथे नव्हते अथवा पुरेशा संख्येने नव्हते, तरी गुन्हा होतच असे.

‘सामना’ या संज्ञेत मैदानाबरोबरच तिथे जाण्यायेण्याचा प्रवासही धरला होता. सामना टीव्हीवर दाखवणारा पबही त्यात आला. राहते घर तेवढे वगळले होते. कमाल शिक्षा पाच वर्षे कैदेची होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणारे कलम कायद्यात होते, पण ते धमकीच्या संदेशांच्या भागापुरतेच. मैदानातल्या गाण्यांना ते लागू नव्हते.

अंमलबजावणी आणि निकाल : पोलिसांच्या खास फुटबॉल पथकाने प्रेक्षकांचे चित्रीकरण सुरू केले. पहिल्या वर्षी, २०१२–१३ मध्ये, २६८ आरोप नोंदले गेले. २०१६–१७ मध्ये ही संख्या ३७७ वर गेली. कायदा प्रत्यक्षात कसा चालला ते डिंगवॉलच्या खटल्यात स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०१२ मध्ये डिंगवॉल येथे रॉस काउंटीविरुद्धच्या सामन्यात सेल्टिकचा एक समर्थक आपल्याच गटात उभा राहून रिपब्लिकन गाणी गात होता. ती ऐकून चिथावले जाईल असे कोणी तिथे असल्याचा पुरावा नाही, म्हणून खालच्या न्यायालयाने त्याला सोडले. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये हा निकाल फिरवला : चिथावले जाणारे लोक हजर नव्हते हा बचाव या कायद्यापुढे टिकत नाही. एडिंबरोतील सामन्यात ‘रोल ऑफ ऑनर’ गाणाऱ्या दोघांची दोषसिद्धीही २०१५ मध्ये कायम झाली. दुसरीकडे डंडी येथील एका शेरीफने (न्यायाधीशाने) या कायद्याच्या मसुद्यावर भर न्यायालयात कडक टीका केली.

टीका आणि निरसन : ‘फॅन्स अगेन्स्ट क्रिमिनलायझेशन’ या समर्थकांच्या संघटनेने कायद्याविरुद्ध मोर्चे काढले. तिचे तीन मुख्य आक्षेप होते. तेच गाणे जलशात गायिले तर चालते आणि मैदानात गायिले तर गुन्हा होतो. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय, हे गाणाऱ्याला आधी कळण्याची सोय नाही. आणि खऱ्या द्वेषाला शिक्षा देणारे कायदे आधीपासूनच आहेत. पीडित अल्पसंख्याकांना कायद्याने उघड आधार मिळाला आणि समाजाची नापसंती स्पष्ट शब्दांत नोंदली गेली, असे कायद्याची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे होते.

२०१६ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे बहुमत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा रद्द करण्याची मागणी करणारा ठराव ६४ विरुद्ध ६३ मतांनी संमत झाला, पण तो सरकारवर बंधनकारक नव्हता. मजूर पक्षाचे जेम्स केली यांनी मग कायदा रद्द करण्यासाठी खासगी विधेयक आणले. १५ मार्च २०१८ रोजी ते ६२ विरुद्ध ६० मतांनी संमत झाले.

इंग्लंडमधील तुलना : इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या फुटबॉल-गुन्हे कायद्याने मैदानातील अश्लील आणि वंशद्वेषी घोषणा गुन्हा ठरवल्या. सुरुवातीला एकाहून अधिक जणांनी मिळून घोषणा दिल्या तरच गुन्हा होई. १९९९ पासून एकट्याने दिलेली घोषणाही गुन्ह्याला पुरते. ओल्डॅम हे शहर पाकिस्तानी वंशाच्या लोकांनी भरले आहे, अशी हिणकस घोषणा पोर्ट व्हेलच्या एका समर्थकाने दिली होती. खालच्या न्यायालयाने ती किरकोळ मानली, पण उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती वंशद्वेषी ठरवली. याउलट टॉटनम क्लबचे समर्थक ज्यूंसाठीचा अपमानकारक शब्द स्वतःसाठीच अभिमानाने वापरतात. त्याबद्दल तिघांवर ठेवलेले आरोप २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. इंग्लंडच्या कायद्याचा रोख वंश आणि अश्लीलता यांवर असल्याने राजकीय गाण्याला त्याची सहसा झळ पोहोचत नाही.

सद्यःस्थिती : स्कॉटलंडमध्ये आता शांतताभंग, धमकीच्या व अर्वाच्य वर्तनाचा २०१० मधील गुन्हा आणि १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेला २०२१ चा द्वेषगुन्हे कायदा यांखाली कारवाई होते. हे कायदे फुटबॉलपुरते नाहीत. सामन्याला जाणारा माणूस आणि इतर नागरिक यांना त्यांच्यापुढे एकच माप लागते. प्रेक्षकांच्या गाण्यांसाठी थेट क्लबला जबाबदार धरण्याची पद्धत युरोपीय फुटबॉल संघटना, म्हणजे यूएफा, वापरते. पंथद्वेषी घोषणांबद्दल तिने २०१९ मध्ये रेंजर्सच्या मैदानाचा काही भाग दोन सामन्यांसाठी बंद ठेवायला लावला. देशांतर्गत स्पर्धांसाठी ही पद्धत स्वीकारायला स्कॉटिश क्लबांचा विरोध राहिला आहे.