सदाफुली आणि मुंग्या

वैद्यकाचा इतिहास केवळ शोधांचा नसतो. रुग्णाने उच्चारलेल्या शब्दांचाही असतो, असे भाषेचा अभ्यासक या नात्याने मी मानतो.

लसिकाग्रंथींच्या ज्या विकाराचे वर्णन लंडनच्या टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली केले, तो पुढे लिम्फोमा या कर्करोगांच्या कुळात गणला गेला. त्यावरील एक प्रभावी औषध गवसले ते सदाफुलीत. मूळचे मादागास्करचे हे झुडूप भोपाळच्या अंगणांत ‘सदाबहार’ म्हणून फुलते. त्यापासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. पेशींतील सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखून ते कर्कपेशींचे विभाजन थांबवते. परंतु मज्जातंतूंमधील वाहतूकही अशाच नलिकांवरून चालते. म्हणून सर्वांत लांब तंतूंची टोके, म्हणजे पायांची बोटे, बहुधा आधी बधिर होतात. गुण आणि दोष यांचे मूळ एकच. क्वचित लिम्फोमाच्या पेशी स्वतःच मज्जातंतूंत शिरतात. तेव्हा कारण कोणते, हे वैद्यांनाच ठरवावे लागते.

त्यांच्या निदानाचा आरंभ मात्र शब्दांनी होतो. आपल्या घरांत ‘मुंग्या येतात’ म्हणतात, शहर ‘झुनझुनी’ म्हणते. आणि ‘अशक्तपणा असेल’ म्हणून दोन्ही शब्द गिळले जातात. चप्पल पायातून निसटणे, सदऱ्याची गुंडी न लागणे, या क्षुल्लक तक्रारी नव्हेत. त्या वेळीच कळल्या, तर वैद्य औषधाची मात्रा बदलू शकतात; रुग्णाने आपणहून उपचार सोडू नयेत. तेव्हा घरातल्या रुग्णाचे असे वाक्य ऐकून घ्या आणि ते वैद्यांपर्यंत पोचवा. भाषाशिक्षणाचे याहून मोठे सार्थक मला ठाऊक नाही.