दुसऱ्या भागाचा धंदा

१९३३ साली वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतून ‘थ्री लिटल पिग्ज’ हा जेमतेम आठ मिनिटांचा रंगीत लघुपट बाहेर पडला आणि मंदीने पिचलेल्या अमेरिकेत ती तीन डुकरं घरोघरी पोहोचली. थिएटरवाले आणखी डुकरं मागू लागले. डिस्नेने हट्ट पुरवला. १९३४ मध्ये ‘द बिग बॅड वुल्फ’, १९३६ मध्ये ‘थ्री लिटल वुल्व्ह्ज’, १९३९ मध्ये ‘द प्रॅक्टिकल पिग’. पहिल्याच्या यशाच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही. डुकरांवर डुकरांनी कडी करता येत नाही, हा वॉल्टने काढलेला निष्कर्ष पुढे अनेक वर्षं सांगितला जाई. ‘स्नो व्हाइट’, ‘बाम्बी’, ‘सिंड्रेला’ यांपैकी कशाचाही दुसरा भाग त्याच्या हयातीत निघाला नाही.

तो निघणं तसं अवघडच होतं. परीकथेत माणसं सुखाने नांदू लागली की सांगणारा उठून जातो. पुढे काही सांगायचं तर आधी त्या सुखात माती कालवावी लागते.

स्टुडिओने हा संकेत मोडला तो १९९० साली, आणि मोडताना कसूर ठेवली नाही. १९७७ च्या ‘द रेस्क्यूअर्स’मधले बर्नार्ड आणि बियांका हे उंदीर परीकथेतले नव्हतेच. संकटातल्या मुलांना सोडवणाऱ्या उंदरांच्या संस्थेचे ते प्रतिनिधी. एक मूल सुटलं की दुसरं सोडवायला निघायचं, हा त्यांचा पेशाच असल्याने कथा लांबवायला निमित्त शोधावं लागत नव्हतं. ‘क्रोकोडाइल डंडी’ने ऑस्ट्रेलियाचं वेड लावलेला तो काळ, उंदरांची रवानगी तिकडे झाली आणि ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ तयार झाला.

या चित्रपटाचं बलस्थान पहिल्या मिनिटातच दिसतं. कॅमेरा फुलांच्या रानातून जमिनीलगत सुसाट धावत उलुरूच्या तांबड्या खडकाकडे जातो. थोड्याच वेळात कोडी नावाचा मुलगा माराहुटे या महाकाय गरुडीला शिकाऱ्याच्या जाळ्यातून सोडवतो आणि तिच्या पाठीवर बसून ढगांत शिरतो. ग्लेन कीनने काढलेली ती गरुडी एक शब्दही बोलत नाही. पंखांचा पसारा, मान वळवायची ढब, पिसांत भरलेला वारा, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे. हाताने रेखाटलेल्या उड्डाणांत याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. त्यामागे एक नवं यंत्रतंत्रही होतं. तोवर चित्रं पारदर्शक शीटवर उतरवून एकेक हाताने रंगवली जात. डिस्नेने पिक्सारच्या मदतीने ‘कॅप्स’ ही संगणक-प्रणाली उभारली, आणि रंगकाम ते अंतिम जुळणी सगळं तिच्यावर झालेला हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या नृत्यदालनाचं कौतुक होतं, पण तिथवरची वाट याच उंदरांनी तुडवली होती.

शिकारी मॅक्लीचला जॉर्ज सी. स्कॉटचा खरखरीत आवाज आहे. तो डोकं खाजवत बसलेला असताना त्याची पाळीव घोरपड जोआना त्याच्या नाकाखालून अंडी पळवते, तो प्रसंग कोणत्याही मूकपटाला शोभावा.

कच्च्या जागाही तितक्याच ठळक आहेत. ज्यांच्या नावावर चित्रपट काढला ते नायकच इथे पाहुण्यासारखे येतात. कथेचा जीव मुलगा आणि गरुडी यांच्यात, उंदीर अर्धा वेळ प्रवासात. बर्नार्डला बियांकाला लग्नाचं विचारायचं आहे आणि दर वेळी काहीतरी आडवं येतं, हा विनोद ताणून ताणून विरतो. पहिल्या भागातल्या ऑर्व्हिल या अल्बट्रॉसचा आवाज असलेले जिम जॉर्डन १९८८ मध्ये वारले, म्हणून जॉन कँडीच्या आवाजातला त्याचा भाऊ विल्बर आला. या विल्बरला पाठदुखीसाठी इस्पितळात अडकवून जो धिंगाणा घातला आहे, तो कापला असता तरी कथेचं काही बिघडलं नसतं. मॅक्लीचच्या पिंजऱ्यांत बंद असलेल्या प्राण्यांचं पुढे काय झालं, हे चित्रपट सांगायलाच विसरतो. आणि ऑस्ट्रेलियाच्या रानात वाढलेला कोडी बोलतो अस्सल अमेरिकन.

तरी पडला तो या दोषांमुळे नव्हे. १६ नोव्हेंबर १९९० ला तो लागला, त्याच दिवशी ‘होम अलोन’ लागला. ‘रॉकी’चा पाचवा भागही. पहिल्या तीन दिवसांत ‘होम अलोन’ने सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर कमावले, उंदरांनी ३५ लाख. स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी टीव्हीवरच्या जाहिराती तत्काळ आवरत्या घेतल्या. आदल्याच वर्षी ‘द लिटल मर्मेड’ने गाण्यांवर बाजी मारली होती, हा चित्रपट गाण्यांवर उभाच नव्हता. अमेरिकेतली कमाई पावणेतीन कोटी डॉलरच्या आसपास थांबली.

साडेतीन वर्षांनी, मे १९९४ मध्ये, ‘द रिटर्न ऑफ जाफर’ आला. थिएटरात नव्हे, थेट व्हिडिओ कॅसेटवर. ‘अलादिन’च्या टीव्ही मालिकेची सुरुवात म्हणून योजलेले भाग जोडून तो केला होता. बराचसा सिडनीत, टीव्हीच्या बजेटात. रेषा ढिली, पार्श्वभूमी सपाट. ज्याच्यासाठी लोक ‘अलादिन’ पुन्हा पुन्हा पाहत तो जिनीचा आवाजही नव्हता: रॉबिन विल्यम्सचं स्टुडिओशी बिनसलं होतं आणि त्याच्या जागी डॅन कॅस्टेलनेटा आला. कॅसेट मात्र एक कोटीहून अधिक खपल्या. जीव ओतून केलेलं बुडालं आणि उरकलेलं तरलं. हिशेब ठेवणाऱ्यांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

धड्यात तथ्यही होतं. थिएटरात तिकीट काढायचं तर आईबापांना घराबाहेर पडावं लागतं. कॅसेट किराण्याच्या सामानाबरोबर घरी यायची आणि पोरं ती रोज लावायची. ओळखीचा चेहरा वेष्टनावर असला की पुरे. युनिव्हर्सलने त्याच १९९४ साली ‘द लँड बिफोर टाइम’चा दुसरा भाग कॅसेटवर आणला, २०१६ पर्यंत त्या डायनोसॉरांचे तेरा पुढचे भाग निघाले, आणि मूळ दिग्दर्शक डॉन ब्लूथ त्यांतल्या एकाशीही संबंधित नव्हता. डिस्नेने सिम्बाची मुलगी आणली, एरियलची मुलगी आणली. २००२ च्या ‘सिंड्रेला २’ मध्ये तीन सुट्या गोष्टी एकत्र टाचल्या होत्या आणि टाके लपवण्याचीही तसदी घेतलेली नव्हती. ‘बाम्बी २’ मूळ चित्रपटानंतर ६४ वर्षांनी आला.

याच कॅसेटच्या रांगेत ‘टॉय स्टोरी २’ही उभा होता. पिक्सारने तो तासाभराचा व्हिडिओपट म्हणूनच सुरू केला. चित्रं चांगली दिसू लागली तेव्हा, १९९८ मध्ये, तो थिएटरात लावायचं ठरलं. मधल्या काळात एका चुकीच्या आदेशाने संगणकावरच्या बऱ्याच फाइली पुसल्या गेल्या. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका सहकारी स्त्रीच्या संगणकावर प्रत होती म्हणून काम वाचलं. गंमत अशी, की वाचवलेल्या त्या कामातलं पुष्कळसं पुढे पिक्सारनेच बाजूला सारलं. कथा पिचपिचीत वाटत होती. तारीख न बदलता जवळपास नऊ महिन्यांत चित्रपट नव्याने केला गेला. अनेकांचे हात, मनगटं कामातून गेली. एका छपराखाली दोन दर्जांचं काम चालू शकत नाही, असं पिक्सारच्या एड कॅटमुल यांनी पुढे लिहिलं.

नव्या कथेने दुसऱ्या भागाची जुनी अडचणच विषय म्हणून घेतली. आपल्याशी खेळणारं मूल मोठं होणार हे खेळण्यातल्या वुडीला कळलं आहे. मग संग्रहालयाच्या काचेत अमर व्हायचं, की मुलाच्या हातात झिजायचं? जेसी या बाहुलीला तिच्या मालकिणीने टाकलं, ते एका गाण्यात येतं आणि लहान मुलांच्या चित्रपटात मोठी माणसं डोळे पुसतात. त्याचा दोषही खरा आहे: विमानतळावरची शेवटची धावपळ नेहमीच्या साच्यातली आहे. जगभरची कमाई ५० कोटी डॉलरच्या घरात गेली, पहिल्या भागापेक्षा बरीच जास्त.

२००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतलं. कॅटमुल आणि पिक्सारचेच जॉन लॅसेटर यांच्या हाती डिस्नेचं अ‍ॅनिमेशनही आलं आणि वर्षभरात थेट व्हिडिओवर जाणाऱ्या दुसऱ्या भागांचा कारखाना थांबवायचं ठरलं. नेमका त्याच सुमाराला, २००७ मध्ये, ‘सिंड्रेला ३’ आला. जादूची कांडी हाती लागताच सावत्र आई काळच मागे फिरवते, म्हणजे सुखान्त झालाच नाही असं करून टाकते. राजपुत्राला पहिल्यांदा स्वभाव मिळाला, सावत्र बहीण अ‍ॅनास्तासियाला काळीज मिळालं. दुकानाला टाळं लागताना माल सुधारला म्हणायचा.

टाळं फार दिवस टिकलं नाही. फक्त कॅसेटच्या जागी घरबसल्या पाहायचं ओटीटी आलं. ‘मोआना २’ची घोषणा २०२० मध्ये डिस्ने प्लसवरची मालिका म्हणून झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा चित्रपट करायचं जाहीर झालं, नोव्हेंबरात तो लागला आणि १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. समुद्र पहिल्या भागाइतकाच देखणा आहे. पण पहिल्या भागासारखी लिन-मॅन्युएल मिरांडाची गाणी नाहीत, आणि मालिकेच्या खुणा जागोजाग उरल्या आहेत. होडीवर नवे खलाशी चढतात आणि त्यांची नावं लक्षात राहायच्या आत चित्रपट संपतो. वटवाघळांची राणी माटांगी मध्यावर एक दणकेबाज गाणं गाते, नाहीशी होते, आणि श्रेयनामावली सुरू झाल्यावर उगवते, पुढच्या भागाची तजवीज करायला.