केराचं सोनं, इंदूरची वाट

घरच्या घरी भाजी पिकवायची म्हटलं, की हल्ली माणूस आधी दुकानात जातो. रंगीत कुंड्या, पिशवीबंद माती, पिशवीबंद खत, परदेशी बियाण्यांची पाकिटं. जमाखर्च मांडला तर चार टोमॅटो चारशे रुपयांना पडतात आणि दोन महिन्यांत कुंडी पुन्हा रिकामी. म्हणून आज मला एका फुकटच्या वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. ती वस्तू म्हणजे केर. भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, वाळलेला पाला. परसबागेची खरी युक्ती एवढीच. बाकीच्या साऱ्या युक्त्या तिच्या लेकी-नाती.

‘परस’ हा आपला जुना शब्द. घराच्या मागची जागा. मोरीचं पाणी जिथं उतरतं तिथं अळू आणि केळ, चुलीची राख जिथं पडते तिथं भोपळ्याचा वेल, असा त्याचा साधा हिशेब होता. पाणी विकत घेतलेलं नव्हतं, खतही नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी तेराव्या शतकातले. त्यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या मळ्यात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता आणि बटाटाही नव्हता. ही सारी अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतर आपल्याकडं रुजली. पण परसानं पाहुण्यांना कधी दार लावलं नाही. आज मिरचीशिवाय आपल्याला जेवण सुचत नाही.

आमच्या घरी परस म्हणजे अम्मीचा पुदिना. वजूसाठी बसण्याचा दगड मुद्दाम वाफ्याच्या कडेला टाकलेला होता. दिवसातून पाच वेळा हातपाय धुतल्याचं पाणी थेट पुदिन्याला जाई. त्या पाण्यात साबण नसतो, हे त्यामागचं शहाणपण. शेजारच्या काकूंचं अळू आणि आमचा पुदिना यांची कुंपणावरून देवाणघेवाण चाले. या बायकांची नावं कुठल्याही शेतीच्या पुस्तकात नाहीत. आणि तरीही शेतीच्या पुस्तकांत नंतर जे आलं, त्यातलं बरंचसं त्यांना ठाऊक होतं.

आता इंदूरला जाऊ. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली बिहारमधल्या पुसा इथं नोकरीवर आला. हिंदुस्थानी शेतकऱ्याला शेती शिकवायची, असं त्याचं काम. पण आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिकं औषधांवाचून धडधाकट आहेत, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं या शेतकऱ्यांनाच गुरू मानलं. पुढं 1924 पासून होळकरांच्या इंदुरात त्यानं वनस्पती संशोधनाची संस्था चालवली. चिनी शेतकरी शतकानुशतकं घाण-केर मातीला परत देतात, हे त्यानं वाचलं होतं. इथं शेण, गोठ्यातली मुतारीची माती, राख, उसाचं पाचट आणि तण हाताशी होतं. या साऱ्याचे थर रचायचे, ओल राखायची, हवा खेळावी म्हणून ढीग मधूनमधून उलथायचा, आणि तीन महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत तयार. जगात ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

या पद्धतीचं पुस्तक 1931 साली निघालं. त्यावर दोन नावं आहेत. एक अल्बर्ट हॉवर्ड, दुसरं यशवंत वाड. वाड हे त्याचे रसायनशास्त्रातले सहकारी. हॉवर्डला पुढं ‘सर’ किताब मिळाला, सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून त्याचं नाव जगभर झालं. वाडांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल? तक्रार म्हणून हे सांगत नाही. पुस्तकाच्या वेष्टनावर जे छापलेलं आहे, ते तरी आपण वाचावं.

1935 साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून कंपोस्ट खताचा पुरस्कार केला. इकडे इंग्लंड-अमेरिकेत हॉवर्डच्या लिखाणानं लोकांना वेड लावलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. इंग्लंडमध्ये 1939 पासून सरकारनं लोकांना अंगणं खणून भाजी लावायला सांगितलं. लंडनच्या टॉवरच्या खंदकातही भाज्या पिकल्या. आपल्याकडं जपाननं ब्रह्मदेश घेतल्यावर तिथला तांदूळ बंद झाला आणि 1942 साली ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. 1965 च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. पोटाला चिमटा बसला की सरकारला परस आठवतो. पोट भरलं की विसरतो.

महाराष्ट्रात मात्र एका गणिताच्या प्राध्यापकानं हा विषय विसरू दिला नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पानावर पडणारा सूर्यप्रकाश हीच खरी संपत्ती, हे त्यांनी शेतकऱ्यांना आणि गृहिणींना आकडे मांडून दाखवलं. नीट वापरली तर दहा गुंठे जमीन एका कुटुंबाला पुरते, असा त्यांचा हिशेब होता. गच्चीवर पिशवीत माती थोडी आणि पालापाचोळा जास्त भरून भाज्या घेता येतात, हे त्यांच्या वाटेनं जाणाऱ्यांनी करून दाखवलं. 2001 साली ते गेले. त्यांची वाट चालू आहे.

तर मग करायचं काय? जुना डबा, फुटकी बादली, पोतं, काहीही चालेल. तळाला भोकं पाडा. खाली नारळाच्या शेंड्या, वर वाळलेला पाला, मग ओला केर, त्यावर मूठभर माती, पुन्हा सुका पाला. ओल्यावर सुकं झाकायचं, एवढं सूत्र ध्यानात ठेवा. वास येऊ लागला तर समजा ओल जास्त झाली. मग सुका पाला घाला आणि हलवून हवा द्या. शिजलेलं अन्न, मांस-मच्छी यात टाकू नका. तीन-चार महिन्यांत खत होतं.

बियाणं डब्यातच आहे. धणे लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाकी करा आणि पेरा, कोथिंबीर येईल. मेथीचे दाणे पसरट भांड्यात टाका, तीन-चार आठवड्यांत जुडी हातात. बाजारातल्या पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. मिरची, वांगं, घेवडा यांना खोल डबा आणि पाच-सहा तासांचं ऊन हवं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना द्या. मावा पडला तर पानांवर चाळलेली राख भुरभुरवा. यात पैसा लागत नाही, लक्ष लागतं.

कुणी म्हणेल, चार काड्या कोथिंबिरीनं काय होणार? भाजीचं सोडा, केराचं बघा. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. मुंबईनं 1927 पासून तो देवनारला नेऊन टाकला. जानेवारी 2016 मध्ये तिथं आग लागली, तेव्हा धूर उपग्रहालाही दिसला आणि शेजारच्या वस्तीतली लेकरं खोकत राहिली. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उशाला साठला. तिथल्या माणसांना आपल्या विहिरींसाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. ओला आणि सुका कचरा वेगळा करणं 2016 च्या नियमांनी बंधनकारक केलं. पण नियम कागदावर असतो आणि केळ्याची साल आपल्या हातात.

ती साल दाराबाहेर गेली की दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातली घाण होते. घरातल्या डब्यात राहिली तर माती होते. इंदूरच्या त्या ढिगानं जगाला हेच शिकवलं, आणि ते शिकवायला आपण आपल्याच परसातून गेलो होतो. तेव्हा आज संध्याकाळी भाजी निवडाल, तेव्हा देठांची वाटी वेगळी ठेवा. सुरुवात तेवढ्यानं होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)