जुनी नौका खरेदी करताना...

सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांत दरवर्षी अनेक मासेमारी नौकांचे मालक बदलतात. नवी यांत्रिक नौका बांधण्याचा खर्च सामान्य मच्छीमाराच्या आवाक्याबाहेर गेल्याने जुनी नौका घेऊन धंद्यात उतरण्याकडे अनेकांचा कल असतो. पर्यटकांची ने-आण करण्यासाठी अशा नौका शोधणारेही आता किनाऱ्यावर दिसतात. मात्र घर किंवा मोटार घेताना दाखविली जाणारी चिकित्सक वृत्ती नौकेच्या बाबतीत पुष्कळदा आढळत नाही. रंग नवा आहे, इंजिन सुरू होते आणि तांडेल ओळखीचा आहे, एवढ्यावर व्यवहार ठरतो. जुन्या मोटारीतील दोष रस्त्यावर खोळंबा करतो. नौकेतील दोष किनाऱ्यापासून कित्येक मैलांवर खलाशांच्या जिवावर बेततो. म्हणूनच खरेदीपूर्वीचे शास्त्रशुद्ध सर्वेक्षण हा अनाठायी खर्च न मानता खरेदीचाच एक भाग मानला पाहिजे.

पाहणी कधी करावी?

पाण्यात तरंगणाऱ्या नौकेचा निम्माच भाग दिसतो आणि महत्त्वाचे दोष बहुधा उरलेल्या निम्म्यात असतात. त्यामुळे नौका किनाऱ्यावर ओढलेली असतानाच तिची पाहणी करावी. पावसाळ्यातील मासेमारी बंदीचा काळ त्यासाठी सोयीचा ठरतो. नौका शाकारलेली असल्यास आच्छादन दूर करून घ्यावे. बंदी उठण्याच्या सुमारास डागडुजी व रंगकाम होते. ताज्या रंगाखाली आणि लांबीच्या थराखाली भेगा, कुजलेले लाकूड व जुने ठिगळ सहज लपते. साहजिकच पाहणी रंगापूर्वी होणे इष्ट. मात्र उन्हात फार दिवस पडून राहिलेल्या लाकडी नौकेच्या फळ्या आकसतात व सांधे मोकळे दिसतात. हा दोष नसून लाकडाचा स्वभाव आहे, हे जाणकाराला लगेच कळते.

लाकडी नौका

लाकडी नौकेचा कणा म्हणजे तळाचा मुख्य लांब वासा. तो सरळ आहे की मध्येच वाकला आहे, हे दूर उभे राहून दोन्ही टोकांकडून पाहावे. त्यानंतर टोकदार टोच्याने फळ्या, आतील वाक आणि विशेषतः इंजिनाखालचे लाकूड जागोजागी तपासावे. टोच्या सहज आत शिरला तर लाकूड कुजले आहे असे समजावे. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकूड लवकर कुजविते. त्यामुळे तळाइतकेच लक्ष डेकच्या कडांकडे व केबिनच्या कोपऱ्यांकडे द्यावे.

टेरेडो हा लाकूड पोखरणारा जीव दिसतो किड्यासारखा, परंतु तो शिंपल्याच्या कुळातील आहे. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि पुढे लाकडातच वाढत बोगदे पाडतो. बाहेरून फळी शाबूत आणि आतून चाळण, असा प्रकार त्यामुळे घडतो. गंजलेल्या खिळ्यांभोवती लाकूड काळे पडून मऊ झाले असेल, तर फळ्यांची पकड सैल झाल्याचे ते लक्षण होय. दोन-चार खिळे काढून पाहण्यास मालकाने हरकत घेतल्यास व्यवहाराचा पुनर्विचार करावा.

फायबरच्या नौका

फायबरला गंज चढत नाही, कीड लागत नाही, म्हणून ते निर्धोक असते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्याने त्याच्या थरांत ओलावा शिरतो व तळावर फोड येतात. फोड फोडल्यावर आंबट वासाचा द्रव निघाला तर ही प्रक्रिया सुरू झाली असे मानतात. छोट्या हातोडीने तळावर हलके ठोके देत जावे. टणक, स्पष्ट आवाज येणारा भाग चांगला. बद्द आवाज आल्यास तेथे थर सुटल्याची किंवा आतील लाकूड भिजल्याची शंका घ्यावी. ताऱ्याच्या आकाराच्या बारीक भेगा जुन्या धडकेची साक्ष देतात.

जुन्या लाकडी नौकेवर वरून फायबरचे आवरण चढविलेले असेल, तर सर्वाधिक सावधगिरी हवी. आवरणाआड ओलावा कोंडला जातो आणि लाकूड नजरेआड कुजत राहते. अशा नौकेचे मोल वरच्या आवरणावर न ठरविता आतील लाकडाच्या स्थितीवर ठरवावे.

इंजिन आणि पंखा

इंजिन थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. अगोदर तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. निळसर धूर तेल जळत असल्याचे, काळा धूर इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनाचे, तर न थांबणारा पांढरा धूर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असल्याचे किंवा इंधन न जळताच बाहेर पडत असल्याचे सूचित करतो. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पंखा हातांनी वर-खाली हलवून पाहावा; तो जास्त हलल्यास शाफ्टचे बेअरिंग झिजले आहे. पितळी पंख्यावर ओरखडा काढल्यावर पिवळ्याऐवजी तांबूस धातू दिसला, तर त्यातील जस्त निघून जाऊन तो ठिसूळ झाला आहे. शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथे, इंजिन चालू असताना, साध्या पॅकिंगमधून पाण्याचे थेंब पडणे स्वाभाविक आहे. धार लागणे नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसची जागाही तपासावी. हा वायू हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरेशी ठरते.

तोल

नौकेवर मागाहून चढविलेली उंच केबिन, जनरेटर किंवा वरचा मजला तिचा तोल बिघडवितो. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून २२ जणांचा बळी गेला. ती मुळात मासेमारीची नौका होती. तिचे पर्यटक बोटीत रूपांतर केले होते आणि दुर्घटनेच्या वेळी तीत क्षमतेहून अधिक माणसे होती. जुनी नौका नव्या कामासाठी घेणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. शांत पाण्यात नौका डोलवून एका बाजूने दुसऱ्या बाजूस जाऊन परत येण्याचा वेळ मोजावा. सेकंदांतील हा वेळ मीटरमधील रुंदीपेक्षा कमी असल्यास प्राथमिक तोल बरा, असा ठोकताळा आहे. संथपणे, रेंगाळत सावरणारी नौका धोक्याची समजावी.

कागदपत्रे आणि व्यवहार

नोंदणी प्रमाणपत्रावरील मापे, इंजिनाचा क्रमांक व अश्वशक्ती प्रत्यक्षाशी पडताळून पाहावी. २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात दहशतवादी बळकावलेल्या मासेमारी नौकेतून आल्यानंतर नौकांची नोंदणी व ओळख याबाबत यंत्रणा अधिक कठोर झाल्या. मासेमारी परवाना नौकेबरोबर आपोआप मिळेल असे गृहीत न धरता मत्स्यव्यवसाय विभागाकडे खात्री करावी. राष्ट्रीय सहकारी विकास निगमाचे, बँकेचे किंवा मच्छीमार संस्थेचे कर्ज थकीत नसल्याचा दाखला लेखी घ्यावा. प्रवासी वाहतूक करायची असल्यास महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदणी व सर्वेक्षणाच्या अटींची चौकशी व्यवहारापूर्वीच करावी.

सर्वेक्षक विक्रेत्याने सुचविलेला नसावा. त्याचे शुल्क खरेदीदाराने द्यावे आणि अहवाल लेखी घ्यावा. नौका बांधणाऱ्या अनुभवी सुताराचे मतही तितकेच मोलाचे. पाहणी किनाऱ्यावर आणि चाचणी समुद्रात, अशा दोन टप्प्यांत व्यवहार करून शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्यावा. बंदीच्या काळात तळ तपासून घ्यावा आणि बंदी उठल्यावर इंजिन पूर्ण भाराखाली चालवून पाहावे. दोष आढळला म्हणून नौका नाकारलीच पाहिजे असे नाही. दुरुस्तीचा अंदाज काढून किंमत कमी करून घेता येते. परंतु कण्याला तडा, मोठ्या भागात कुजलेले वाक किंवा संशयास्पद तोल, यांपैकी काहीही आढळल्यास कितीही स्वस्त मिळाली तरी ती नौका घेऊ नये.