काठीचे माप

करंजाच्या बंदरावर रेवसच्या लाँचची वाट पाहत बसलेल्या माणसाने गोल्फचा विचार करावा, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. समोर खाडी, मागे द्रोणागिरीचा डोंगर, शेजारी जाळी सांधत बसलेले कोळी. तिथे त्या साहेबी खेळाचे काय काम? पण गेल्या दिवाळीत तसे घडले खरे. माझा भाचा पनवेलला असतो. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने गोल्फचे मैदान केले आहे, तिथे तो दोन वर्षे जातो आहे. लाँचला अवकाश होता म्हणून त्याने विषय काढला.

"मामा, मुंबईत एक जण अंगाच्या मापाने काठ्या जुळवून देतो. यंत्रावर फटका मोजतो, चेंडूसुद्धा कोणता वापरायचा ते सांगतो. बोनसातले निम्मे पैसे जातील. करू का?"

मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. गोल्फची काठी हातात धरलेली नाही. तेव्हा 'हो' किंवा 'नाही' असे तडकाफडकी सांगणे मला शोभले नसते. "बघून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन पुस्तके काढली. त्या चार संध्याकाळच्या वाचनाचा हा हिशेब आहे.

आमचे करंजा इंग्रजांकडे आले ते पेशवाईतल्या भाऊबंदकीच्या पायी. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर हे बेटही त्यांच्याच पदरात राहिले. पुढे साठ वर्षांनी, १८४२ साली, खाडीपलीकडच्या मुंबईत साहेबांनी गोल्फचा क्लब काढला. कलकत्त्याचा क्लब त्याहून जुना, १८२९ चा. म्हणजे विलायतेबाहेर हा खेळ सर्वांत आधी रुजला तो आपल्याकडे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या काळचा चेंडू मोठा नवलाचा होता. ओल्या कातड्याच्या लहानशा पिशवीत टोपीभर उकडलेली हंसाची पिसे ठासून भरायची आणि तोंड शिवायचे. वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत, आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कसलेल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीनचार चेंडू झाले तर पुष्कळ. पाण्यात भिजला की तो जड होई आणि शिवणीत उसवे. मुंबईच्या आषाढात या चेंडूची काय दैना होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग आला गट्टापर्चा. मलायातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि निवला की घट्ट बसतो. सिंगापूरच्या डॉ. मॉन्टगोमरी यांनी १८४३ साली त्याचे नमुने लंडनला पाठवले. पुढे समुद्रातल्या तारांवर याच चिकाचे वेष्टण चढले आणि १८७० साली मुंबई विलायतेशी तारेने जोडली गेली. चेंडूच्या बाबतीत स्कॉटलंडात एक आख्यायिका सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन नावाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून भोवती गट्टापर्चाचे तुकडे भरले होते. घरातल्या गरीब विद्यार्थ्याने ते तुकडे वितळवून चेंडू वळले. खरेखोटे विष्णूच जाणे! पण १८४८ च्या सुमारास गट्टीचा चेंडू मैदानावर आला आणि पिसांच्या चेंडूचे दिवस भरले, एवढे मात्र निश्चित.

यावरून दोन जिवलगांत वितुष्ट आले. ॲलन रॉबर्ट्‌सन हा सेंट अँड्र्यूजचा नामांकित खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा कारागीर. टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली शिकलेला. एकदा खेळताना टॉमचे चेंडू संपले, त्याने सोबत्याकडून एक गट्टी उसनी घेतली, आणि नेमका समोरून ॲलन आला. आपल्या पोटावर पाय आणणारा चेंडू आपल्याच माणसाच्या हाती पाहून तो असा संतापला, की दोघांचा धंदा तुटला. टॉम १८५१ साली प्रेस्टविकला निघून गेला.

गट्टीच्या चेंडूने आणखी एक धडा दिला. नवा गुळगुळीत चेंडू थोडा उडून खाली येई. काठीचे घाव खाऊन खरवडलेला जुना चेंडू मात्र सरळ आणि लांब जाई. मग कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडू लागले. हल्लीच्या चेंडूवरच्या खळग्यांचे मूळ इथे आहे. त्या खळग्यांचे पेटंट विल्यम टेलरने १९०५ साली घेतले. दरम्यान १८९८ मध्ये अमेरिकेत हॅस्केलने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला आणि गट्टीलाही घरी बसवले.

आता काठीकडे वळू, कारण पैसे खरे तिथे जायचे आहेत. भाच्याला वाटते, मापाची काठी हा नव्या युगाचा शोध. उलट आहे! जुन्या काळी काठी करणारा सुतारच असे. गिऱ्हाईक समोर उभे राही, तो त्याची उंची आणि हात पाही, लाकूड तासून देई, पुन्हा बोलावी, पुन्हा तासे. आपला शिंपी जसा बाही धरून खडूने खूण करतो तसेच. माप मोडले ते कारखान्याने. १९२९ साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी पोलादी दांड्याला मान्यता दिली आणि एका साच्याच्या काठ्यांचे संच निघू लागले. तो साचा कुणाच्या अंगाचा? मध्यम उंचीच्या गोऱ्या पुरुषाचा. आमच्या सव्वापाच फुटी भाच्याला, आणि त्याहून ठेंगण्या बायकांना, ती काठी म्हणजे थोरल्या भावाचा सदराच.

यात नुकसान काय होते तेही समजून घेतले. काठीचे पाते दांड्याशी एका ठराविक कोनात बसवलेले असते. दांडा खेळणाऱ्याला लांब पडला की हात वर येतात, पात्याचे टोक जमिनीवरून उचलले जाते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे पळतो. बिचारा समजतो आपले मनगट चुकले. मग तो मनगट बिघडवतो! लोखंडी पात्याचा कोन एकदोन अंश वाकवून हा दोष जातो, आणि ते काम अवघ्या काही मिनिटांचे आहे. कार्स्टन सोलहाइम या अमेरिकन इंजिनिअराने १९७० नंतरच्या काळात या कोनांना रंगीत ठिपके देऊन मापे दुकानात आणली. हल्ली रडारचे यंत्र चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी क्षणात दाखवते.

बॉबी जोन्सची गोष्ट येथे आठवते. १९३० साली एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा हा वकील लाकडी दांड्याने खेळे आणि एकेक काठी हातात तोलून निवडी. पुढे कुणीतरी त्याच्या काठ्या तराजूवर घातल्या, तर एक सोडून सगळ्यांचा तोल जुळला. आणि ती एक काठी त्याला नेहमी त्रास देत असे, असे सांगतात. हाताला माप कळते, यंत्र ते मागाहून सांगते.

इथपर्यंत वाचून मी 'घे बाबा काठ्या' असे लिहिणार होतो. पण दुसरी बाजू पुढे आली. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचा पापवा सेवगुलम हा भारतीय वंशाचा कॅडी. सगळे जग डावा हात वर धरते, तो उजवा वर आणि डावा खाली धरी. कोणताही जाणकार त्याला पहिल्याच दिवशी दुरुस्त करता. त्याच उलट्या पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ मध्ये तो नाताळची स्पर्धा जिंकला, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबाच्या इमारतीत प्रवेश नव्हता. करंडक त्याने बाहेर पावसात उभे राहून घेतला. माप त्याच्या काठीत नव्हते, अन् त्या देशाच्या न्यायातही नव्हते.

आपल्या चेंबूरकडे पाहा. तिथल्या गोल्फ क्लबाजवळच्या वस्तीतले कॅडी बांधकामावरच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत खेळतात. सळई ज्याची त्यानेच वाकवायची. ती त्याच्या उंचीला बरोबर बसणारच. आणि सचिन तेंडुलकर? लहानपणी थोरल्या अजितची मोठी बॅट हाती आली म्हणून त्याने मूठ पार खाली धरली. पुढे कुणीकुणी ती बदलायला सुचवले, पण मूठ तिथेच राहिली. तेव्हा बेमाप वस्तूही एखाद्याच्या हातात मापाची होऊन बसते. मात्र त्यासाठी हात सचिनचा लागतो.

चेंडूबद्दल मला फारसे लिहायचे नाही. नियमानेच तो ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा लागतो. त्या चौकटीत फरक राहतो तो मुख्यतः कवचाचा. मऊ कवचाचा महाग चेंडू भोकाजवळ फिरकी घेऊन लवकर थांबतो. ज्याचे चेंडू अजून खारघरच्या झुडपांत हरवतात त्याने ती फिरकी विकत घेऊन करायचे काय? एकच स्वस्त चेंडू धरावा, रोज बदलू नये.

भाच्याला मी पत्रच लिहिले. आमच्या लहानपणी दिवाळीचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत. तुझा फटका अजून वाढत्या अंगाचा आहे; आज यंत्राने मोजलेले माप पुढच्या वर्षी तुला आखूड होईल. उंची मात्र आता वाढायची नाही. म्हणून दांड्याची लांबी, पात्याचा कोन आणि मुठीची जाडी एवढे आहे त्याच काठ्यांवर जुळवून घे. नवा संच दोन वर्षांनी, फटका बसल्यावर.

उत्तर आले नाही. परवा तो फराळाला आला तेव्हा विचारले. पाती दोन अंश वाकवून घेतली होती, मुठी बारीक केल्या होत्या. "आणि चेंडू डावीकडे जायचा थांबला का?" मी विचारले.

"थांबला," तो म्हणाला, "आता उजवीकडे जातो."

त्याच्या आईने करंज्यांचे ताट पुढे सरकवले.